विश्लेषण : अंधाऱ्या होम थिएटरसाठी मोठा टीव्ही कसा निवडावा? शोरूममधली चमक घरी का फसवते?

नाशिकमध्ये गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांतील रो हाऊस, बंगले आणि मोठ्या फ्लॅटमध्ये एक खोली खास सिनेमासाठी राखून ठेवणारी कुटुंबे आता दिसू लागली आहेत. खिडकीला जाड पडदे, दोन-तीन रिक्लायनर आणि समोर ७५ किंवा ८५ इंची टीव्ही, असे या खोलीचे चित्र असते. खर्च सहज लाख-दोन लाखांच्या घरात जातो आणि एकदा भिंतीवर चढलेला टीव्ही पुढची सात-आठ वर्षे बदलला जात नाही. मात्र ही खरेदी होते झगमगत्या शोरूममध्ये आणि टीव्ही लागतो अंधाऱ्या खोलीत. या दोन जागांचे गणित एकमेकांच्या उलटे आहे. ते कसे आणि निवड करताना नेमके काय पाहावे, याचा हा आढावा.

शोरूममधला सर्वांत उठावदार टीव्ही घरी फिका का वाटतो?

टीव्हीच्या पडद्याचा उजेड ‘निट’ या एककात मोजतात. पडदा किती पांढरा होऊ शकतो, हे दुकानात लगेच दिसते. तो किती काळा होऊ शकतो, हे मात्र तिथे कळतच नाही. कारण दुकानातल्या दिव्यांचा उजेड प्रत्येक पडद्यावरून परावर्तित होतो. साधा एलसीडी पडदा काळा रंग दाखवताना सुमारे ०.१ निट उजेड बाहेर सोडतो, तर चांगला ओएलईडी जवळपास शून्य. पण दोन्हींवर दुकानाचा उजेड त्याच्या कित्येक पटीने पडत असेल, तर दोघांचा काळा रंग सारखाच दिसणार.

त्यात दुकानातले टीव्ही बहुतेक वेळा ‘स्टोअर’ किंवा ‘डेमो’ मोडवर असतात. ब्राइटनेस शेवटच्या टोकाला, रंग भडक आणि पडद्यावर फुले, पोपट, समुद्रकिनारे. काळोखाचे दृश्य शोधून सापडत नाही. ग्राहक साहजिकच सर्वांत उजळ टीव्हीकडे बोट दाखवतो. घरी दिवे मालवून सिनेमा लावला की रात्रीचे आकाश राखाडी दिसते आणि कोपऱ्यांत पांढुरके ढग उमटतात.

काळ्या रंगाला एवढे महत्त्व का?

बहुतेक मोठे चित्रपट २.३९ : १ या रुंद मापात असतात, तर टीव्हीचा पडदा १६ : ९ म्हणजे १.७८ : १ असतो. त्यामुळे चित्राच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात. हिशेब केला तर पडद्याचा साधारण चौथा हिस्सा पूर्ण दोन तास काळाच असतो. अंधाऱ्या खोलीत या पट्ट्या राखाडी चमकू लागल्या, की नजर सतत तिकडे जाते. त्या खरोखर काळ्या असतील तर त्या भिंतीत विरून जातात आणि उरतो फक्त सिनेमा.

दुसरा प्रश्न दृश्यांचा. २०१८ चा ‘तुंबाड’ आठवून पाहा. पाऊस, कंदिलाचा मंद उजेड आणि वाड्याच्या अंधाऱ्या कोनाड्यांवर तो उभा आहे. काळ्या रंगाच्या छटा वेगळ्या न दाखवणाऱ्या टीव्हीवर असा सिनेमा एकतर धुरकट दिसतो किंवा काहीच दिसत नाही. एप्रिल २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या ‘द लाँग नाइट’ या भागाबाबत जगभरातल्या प्रेक्षकांनी हीच तक्रार केली होती. लढाई चालू आहे, पण पडद्यावर काही दिसत नाही! अनेकांना टीव्हीचे सेटिंग नीट करता येत नाही, असे त्यावर छायाचित्रणकार फॅबियन वॅग्नर यांचे म्हणणे होते. स्ट्रीमिंगमध्ये चित्र दाबून पाठवले जाते, त्याचाही फटका अशा दृश्यांना बसतो.

म्हणून अंधाऱ्या खोलीसाठी टीव्ही निवडताना पहिला प्रश्न ‘किती उजळ?’ हा नव्हे, तर ‘किती काळा?’ हा असायला हवा.

ओएलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी यांत फरक काय?

नावे सारखी वाटली तरी मूळ प्रकार दोनच आहेत. पहिला एलसीडी. यात मागे एलईडी दिव्यांचा उजेड असतो आणि पुढचा थर गरजेप्रमाणे तो अडवतो. काळा रंग दाखवण्यासाठी उजेड पूर्ण अडवावा लागतो आणि थोडा तरी झिरपतोच. ‘आयपीएस’ प्रकारच्या पॅनेलमध्ये पांढऱ्या आणि काळ्याचे प्रमाण, म्हणजे कॉन्ट्रास्ट, साधारण १००० : १ असते. ‘व्हीए’ पॅनेलमध्ये ते ३००० : १ ते ६००० : १ पर्यंत जाते, पण अगदी बाजूने पाहिल्यास चित्र फिकट दिसते.

‘क्यूएलईडी’ हा एलसीडीच असतो. त्यात क्वांटम डॉट्स या अतिसूक्ष्म कणांचा थर घातल्याने रंग अधिक शुद्ध दिसतात. याच कणांच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले. पण या थरामुळे काळा रंग अधिक काळा होत नाही. ‘क्यूएलईडी’ आणि ‘ओएलईडी’ या शब्दांत एका अक्षराचाच फरक असल्याने अनेकांची गल्लत होते.

‘मिनी एलईडी’ हीदेखील एलसीडीचीच सुधारलेली आवृत्ती. यात मागचे दिवे खूप लहान असतात आणि ते शेकडो किंवा हजारो गटांत, म्हणजे ‘झोन’मध्ये, वेगवेगळे मंद करता येतात. तरी इथेही मर्यादा आहे. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. झोन १००० असतील, तर एका झोनच्या वाट्याला ८३०० पिक्सेल येतात. काळ्या आकाशात एकच चांदणी असली, तरी तिच्याभोवतीचा तेवढा भाग उजळतो. यालाच ‘ब्लूमिंग’ म्हणतात. झोन जितके जास्त आणि त्यांचे नियंत्रण जितके चांगले, तितके हे वलय कमी.

दुसरा प्रकार ओएलईडी. इथे मागे दिवा नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि गरज नसेल तेव्हा पूर्ण बंद होतो. म्हणजे ८३ लाख स्वतंत्र दिवे. अंधाऱ्या खोलीत त्याला तोड नाही. २०२२ पासून बाजारात आलेला ‘क्यूडी-ओएलईडी’ हा त्याचाच प्रकार. दुकानाच्या उजेडात त्याचा बंद पडदा किंचित जांभळट-करडा दिसतो आणि ग्राहक नाक मुरडतो. अंधारात मात्र ही उणीव उरत नाही.

सर्वांत टाळावा असा पर्याय म्हणजे फक्त कडेने दिवे असलेला, झोन नसलेला मोठा एलसीडी. उजेडाच्या हॉलमध्ये तो चालून जातो. अंधाऱ्या खोलीत मात्र त्याचे सगळे दोष उघडे पडतात.

मग सरसकट ओएलईडीच घ्यावा का?

नाही. आधी घरातल्या वापराचा विचार करावा. ओएलईडीवर एकच स्थिर चित्र रोज तासन्‌तास राहिले, तर त्याचा पुसट ठसा पडद्यावर कायमचा उमटू शकतो. याला ‘बर्न-इन’ म्हणतात. वृत्तवाहिनीचा लोगो, खाली धावणारी लाल पट्टी, क्रिकेटचा स्कोअरबोर्ड ही त्याची नेहमीची कारणे. सिनेमा, वेबमालिका असा मिश्र वापर असेल तर हा धोका कमी होतो. पण घरातले आजोबा दुपारभर त्याच टीव्हीवर बातम्या पाहणार असतील, तर मिनी एलईडी अधिक सुरक्षित.

आपल्याकडची एक सवयही इथे आड येते. रात्री झोपताना टीव्हीचा बोर्डावरचा बटणच बंद करायचा, ही ती सवय. ओएलईडी टीव्ही काही तासांच्या वापरानंतर, रिमोटने बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये स्वतःच्या पिक्सेलची दुरुस्ती करून घेतो. मुख्य वीजच तोडली तर हे काम अर्धवट राहते. म्हणून हा टीव्ही रिमोटने बंद करावा आणि बोर्डाचे बटण चालूच ठेवावे. विजेच्या चढ-उतारासाठी चांगल्या प्रतीचा सर्ज प्रोटेक्टर लावावा.

खोलीला दिवसा भरपूर ऊन येत असेल आणि ती बैठकीची खोली म्हणूनही वापरली जाणार असेल, तरी पारडे मिनी एलईडीकडे झुकते. ओएलईडीचे खरे घर म्हणजे दिवे मालवलेली खोली.

किती इंची टीव्ही घ्यावा?

इथे ‘मोठा म्हणजे चांगला’ हे बऱ्याच अंशी खरे आहे, पण त्याला अंतराचे माप लावायला हवे. चित्रपट तंत्रज्ञांच्या ‘एसएमपीटीई’ या अमेरिकी संस्थेच्या शिफारशीनुसार पडद्याने नजरेचा किमान ३० अंशांचा भाग व्यापावा. चित्रपटगृहासारखा अनुभव हवा असेल तर ४० अंशांपर्यंत जावे, असे ‘टीएचएक्स’चे मत. साध्या भाषेत सांगायचे तर डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर इंचांत मोजा. त्याला १.६ ने भागले की किमान आकार मिळतो आणि १.२ ने भागले की कमाल.

समजा खोली १२ बाय १२ फुटांची आहे. मागे सोफा आणि पुढे टीव्ही धरला तर डोळे ते पडदा अंतर साधारण नऊ फूट, म्हणजे १०८ इंच उरते. १.६ ने भागल्यास ६७ आणि १.२ ने भागल्यास ९०. म्हणजे या खोलीत ६५ इंची टीव्ही किमान मर्यादेवर आहे, ७५ ते ७७ इंची चांगला आणि ८५ इंची थेट सिनेमागृहाजवळ नेणारा. आठ फुटांवर बसणार असाल तर ही मर्यादा ६० ते ८० इंच होते. दहा फुटांवर ७५ ते १०० इंच.

हेही ध्यानात घ्यावे की ‘इंच’ हे कर्णाचे माप असते. त्यामुळे ६५ वरून ८५ इंचांवर गेल्यास पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ७० टक्क्यांनी वाढते. ८५ इंची पडद्याची रुंदी सुमारे १८८ सेंटिमीटर आणि उंची १०६ सेंटिमीटर असते. कागदाचे तेवढे तुकडे जोडून भिंतीवर चिकटवून पाहणे ही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची चाचणी.

आकाराच्या बाबतीत खिशाला खरा पेच पडतो तो इथेच. ओएलईडी ५५, ६५, ७७, ८३ आणि ९७ इंचांत मिळतात आणि ७७ च्या पुढे किंमत झपाट्याने चढते. त्यामुळे ६५ इंची ओएलईडीच्या पैशांत अनेकदा ७५ किंवा त्याहून मोठा मिनी एलईडी येतो. नऊ फुटांवर बसून मुख्यतः सिनेमाच पाहायचा असेल आणि ७७ इंची ओएलईडी आवाक्यात असेल, तर तो सर्वांत समतोल पर्याय ठरतो. नसेल, तर भरपूर झोन असलेला ७५ किंवा ८५ इंची मिनी एलईडी घ्यावा.

८के टीव्हीच्या मागे लागण्याची गरज नाही. ८५ इंची ४के पडद्याचे पिक्सेल सामान्य नजरेला साडेपाच फुटांच्या आत गेल्याशिवाय सुटे दिसत नाहीत. नऊ फुटांवर ८के साठी मोजलेले जादा पैसे डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत.

अंधारात किती ब्राइटनेस पुरतो?

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपले काम नाशिकला हलवले. त्यांच्या काळापासून आजपर्यंत सिनेमा अंधारातच पाहिला जातो, कारण अंधारात डोळ्यांना फार कमी उजेड पुरतो. चित्रपटगृहातल्या डिजिटल पडद्यावरच्या पांढऱ्या रंगासाठी ठरलेले मानक फक्त ४८ निट आहे! टीव्हीसाठीचे साधे कार्यक्रम १०० निट गृहीत धरून तयार होतात.

‘एचडीआर’ चित्रपटांत मात्र सूर्य, ज्योत, हेडलाइट अशा ठिकाणी क्षणभर त्याच्या कितीतरी पट उजेड अपेक्षित असतो. तेवढ्या छोट्या भागापुरता आजचा चांगला ओएलईडी पुरेसा चमकतो. त्यामुळे खोक्यावर छापलेल्या ३००० किंवा ५००० निटच्या आकड्याला भुलू नये. तो आकडा उन्हाच्या हॉलमध्ये उपयोगाचा. अंधारात अख्खा पांढरा पडदा एवढ्या जोरात पेटला तर डोळे मिटून घ्यावे लागतील.

एचडीआरचे प्रकारही पाहावेत. ‘डॉल्बी व्हिजन’मध्ये दृश्यागणिक उजेडाची माहिती सोबत येते. ओटीटीवरच्या अनेक चित्रपटांत ती असते, पण सॅमसंगच्या टीव्हींनी आजवर हे तंत्र वापरलेले नाही. ही कंपनी ‘एचडीआर१०प्लस’ हा पर्याय देते.

खोली कशी तयार करावी?

टीव्ही कितीही महाग असला तरी पांढऱ्या खोलीत त्याचा काळा रंग टिकत नाही. पडद्याचा उजेड पांढऱ्या पीओपी छतावर, चकचकीत टाइल्सवर आणि काचेच्या शोकेसवर आपटून परत पडद्यावर येतो. म्हणून टीव्हीमागची भिंत आणि शक्य असल्यास छताचा पुढचा भाग गडद, मॅट रंगात रंगवावा. फरशीवर गालिचा घातला तर आवाजाचा घुमाराही कमी होतो. खिडकीला ब्लॅकआउट पडदे, तेही चौकटीच्या बाहेर दोन्ही बाजूंना थोडे वाढवून.

पूर्ण अंधारात तासन्‌तास पडदा पाहून डोळे थकतात. त्यासाठी टीव्हीच्या मागे मंद पांढऱ्या एलईडी पट्टीचा उजेड भिंतीवर सोडावा. रंग ६५०० केल्विनचा असावा. रंग बदलणाऱ्या पट्ट्या दिसायला गमतीच्या, पण त्या चित्राचे रंग डोळ्यांना चुकीचे दाखवतात.

टीव्ही देवाच्या तसबिरीसारखा उंच टांगू नये. बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर असतात. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास किंवा जरासा वर असावा. नव्या इमारतींतल्या अनेक भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. त्यात साधा स्क्रू धरत नाही. त्या प्रकारच्या भिंतीसाठीचे अँकर वापरण्याबाबत इन्स्टॉलरला आधीच बजावावे. ८५ इंची टीव्हीचे खोके दोन मीटरहून लांब असते आणि ते उभेच न्यावे लागते. ते लिफ्टमध्ये बसते का, जिन्याच्या वळणावर फिरते का, हे पैसे भरण्याआधी टेपने मोजावे.

प्रोजेक्टर हा पर्याय नाही का?

आहे, विशेषतः १०० इंचांच्या वरचा पडदा हवा असेल तर. खोली खरोखर काळोखी असेल तर त्याच पैशांत प्रोजेक्टर मोठे चित्र देतो. मात्र त्याचा काळा रंग म्हणजे न उजळलेला पडदा. थोडा उजेड आला तरी तो राखाडी होतो. एचडीआरची चमकही टीव्हीइतकी मिळत नाही. रोज संध्याकाळी मॅच, रात्री सिनेमा आणि रविवारी मुलांचे गेम असा वापर असेल तर टीव्ही सोयीचा. केवळ रात्री सिनेमा पाहणाऱ्यांनी प्रोजेक्टरचा डेमो जरूर घ्यावा.

घरी आणल्यावर कोणते सेटिंग करावे?

पिक्चर मोड ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’वर ठेवावा. दिग्दर्शकांच्या मागणीतून २०१९ मध्ये जाहीर झालेला फिल्ममेकर मोड जास्तीची प्रक्रिया बंद करून चित्र मूळ रूपात दाखवतो. पहिले दोन दिवस ते पिवळट वाटेल. नंतर जुने निळसर चित्रच खोटे वाटू लागते.

‘मोशन स्मूदिंग’ बंद करावे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो. टीव्ही मध्ये स्वतःची चित्रे घुसवतो आणि मग मोठा सिनेमाही दैनंदिन मालिकेसारखा दिसतो. अभिनेता टॉम क्रूझने २०१८ मध्ये व्हिडीओ काढून प्रेक्षकांना हेच बटण बंद करण्याची विनंती केली होती.

बजेट कसे वाटावे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे करापूर्वी एक लाखाचा टीव्ही आधी १ लाख २८ हजारांना पडायचा, तो १ लाख १८ हजारांवर आला. हे वाचलेले दहा हजार आणखी चार इंचांवर घालण्याऐवजी पडदे, रंग आणि आवाजावर खर्च केले तर फरक अधिक जाणवतो. पातळ टीव्हीचे स्पीकर सिनेमाला पुरत नाहीत. साउंडबार किंवा रिसीव्हर जोडण्यासाठी टीव्हीला ‘ई-आर्क’ असलेले एचडीएमआय पोर्ट आहे का, ते पाहावे. वीजबिलाची धास्ती नको. वापर २५० वॅट धरून रोज तीन तास पाहिल्यास महिन्याला २२-२३ युनिट होतात.

दुकानात नेमके काय तपासावे?

आपल्या पेनड्राइव्हमध्ये एखादे काळोखी दृश्य आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे असलेली श्रेयनामावली घेऊन जावे. कॉलेज रोडचे मोठे शोरूम असो वा नाशिकरोडचे नेहमीचे दुकान, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी गर्दी कमी असते. तेव्हा जवळचे दिवे मालवायला आणि टीव्ही फिल्ममेकर मोडवर ठेवायला सांगावे. अक्षरांभोवती वलय दिसते का, काळ्या पडद्याच्या कोपऱ्यांत ढग आहेत का, सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याच्या कोनातून रंग उडतात का, एवढे तीन प्रश्न पुरेत.

त्यानंतर पॅनेलची वॉरंटी किती वर्षांची आणि त्यात बर्न-इन धरले आहे का, हे बिलावर लिहून घ्यावे. खोके इन्स्टॉलरसमोरच उघडावे आणि पडदा लगेच पूर्ण काळ्या व पूर्ण पांढऱ्या चित्रावर तपासावा. दुकानदाराने दिवे मालवायला नकार दिला, तर त्या दुकानात अंधाऱ्या खोलीचा टीव्ही घेण्याची घाई करू नये.